आमचे ग्रंथपाल अण्णा आणि गावची वंशावळ

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



काल आपल्या मंदिराच्या शिखरावर कलश चढला. ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी अंगमेहनत केली, ज्यांनी ट्रॅक्टर दिले आणि ज्या बायाबापड्यांनी पाटीपाटीने माती वाहिली, त्या सर्वांचा ऋणनिर्देश अध्यक्षांनी केलाच आहे. आजचा सत्कार मात्र वेगळ्या माणसाचा आहे. त्याबद्दल चार शब्द बोलण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले. मी वक्ता नाही. दहावी पास झालो, तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो आणि पुढे बढतीने कारकून झालो. आमच्या पदाला आता ‘महसूल सहायक’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण गावाला मी कारकूनच आहे. माझा रोजचा संबंध जुन्या दप्तराशी, फेरफाराशी आणि वारसनोंदीशी. अण्णांचाही जन्मभराचा संबंध त्याच कागदांशी आला. त्यामुळे त्यांनी काय केले हे कागदाच्या बाजूने मी सांगू शकेन, एवढ्याच अधिकाराने मी उभा आहे.

प्रथम एक खुलासा करतो. या भाषणात आणि आपल्या स्मरणिकेतही अण्णांचे पूर्ण नाव आढळणार नाही. सत्काराला त्यांनी होकार दिला तो याच अटीवर. “गावच्या वहीत माझं नाव माझ्या जागी हाय. दुसरीकडं कशाला?” असे ते म्हणाले. समितीने अट मान्य केली. गावात ‘ग्रंथपाल अण्णा’ म्हटले की पाळण्यातले मूलसुद्धा वाचनालयाकडे बोट दाखवते, त्यामुळे काही अडचण येईल असे वाटत नाही.

काही मंडळींनी असेही विचारले, की देवाच्या कार्यात वाचनालयाच्या माणसाचा सत्कार कशासाठी? या मंदिराचे काम वर्षभर अडून राहिले होते आणि ते सुटले अण्णांच्या वहीमुळे, हे पुष्कळांना ऐकून माहीत आहे. नेमके काय घडले ते पुढे ओघात सांगेन. आधी ती वही कशी झाली ते सांगितले पाहिजे.

अण्णा वाचनालयात लागले १९७४ साली. चावडीशेजारची एक खोली, दोन कपाटे, एक लांबट टेबल आणि एक बाक, एवढा सरंजाम होता. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागले. आपले वाचनालय शेवटच्या ड वर्गातले. त्या अनुदानात पुस्तके घ्यायची, वर्तमानपत्रांचे बिल भागवायचे, दिवाबत्ती करायची आणि उरले तर ग्रंथपालाला मानधन द्यायचे. पुष्कळदा उरत नसे. घरची थोडी जिरायत जमीन आणि दोन म्हशी यांवर अण्णांनी संसार केला. फाटलेली पुस्तके त्यांनी स्वतः खळ लावून, दोऱ्याने शिवून जगवली. म्हाताऱ्या माणसांना घरपोच पुस्तक देणे आणि परत आणणे हे काम कुठल्या नियमात नव्हते, तेही त्यांनी केले. असे एकूण पंचेचाळीस वर्षे. २०१९ साली ते निवृत्त झाले, म्हणजे किल्ली दुसऱ्याकडे गेली. अण्णा अजून रोज संध्याकाळी त्याच बाकावर असतात.

आता वंशावळीचे. आपल्या भागात हेळवी यायचे, हे साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल. कन्नडात हेळव म्हणजे पांगळा. नंदीवर बसून, पायांवर घोंगडे घेऊन, घंटा वाजवीत हा माणूस सुगीनंतर दारात यायचा आणि घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवायचा. मूळ गाव कुठले, देवक कुठले, कोणाला किती मुलगे, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला, हे सर्व त्याला तोंडपाठ. जोडीला पिढीजात वही. त्याला धान्य, कपडा, ऐपतीप्रमाणे दक्षिणा मिळायची आणि नवीन जन्मलेल्या मुलाचे नाव तो वहीत चढवून पुढे जायचा.

अण्णा लागल्यानंतर दोनतीन वर्षांनी असा एक म्हातारा हेळवी वाचनालयाच्या ओट्यावर टेकला. तो म्हणाला, पुढच्या खेपेला मी येईन याचा भरवसा नाही आणि पोरगा हे काम करणार नाही म्हणतो. अण्णांनी त्याला त्या रात्री ठेवून घेतले, जेवू घातले आणि कंदिलाच्या उजेडात तो म्हणेल ते उतरवून घेतले. तीन रात्री हे चालले. तो हेळवी पुन्हा आला नाही. त्या तीन रात्रींची वही म्हणजे आजच्या एकतीस वह्यांपैकी पहिली.

कुलवृत्तांत पुष्कळ घराण्यांनी छापले आहेत. आडनाव एक, घराणे एक, खर्च करणारे ऐपतदार. अण्णांचे वेगळेपण असे, की त्यांनी एका घराण्याचे काम केले नाही, अख्ख्या गावाचे केले. पाटलांच्या भावकीपासून सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मुलाणी, रामोशी, मातंग वस्ती, बौद्धवाडा, धनगरवाडी, प्रत्येक घर त्यात आहे. आणि हे काम सारखे सोपे नव्हते. ज्याच्याकडे वतन होते त्याचा कागद सापडतो. १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांची नावे रजिस्टरला लागली. ज्याच्याकडे जमीनही नाही आणि वतनही नाही त्याचा आजा सरकारदरबारी सापडायचा कसा? तो सापडतो जन्ममृत्यूच्या नोंदीत, ज्याला आम्ही गाव नमुना चौदा किंवा कोतवाल बुक म्हणत असू. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. आणि बायकांच्या आठवणीत.

जुन्या कागदांत गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांची नावे तुटक लिहिलेली असत, पुढे ‘या’ लावून, बापाचे नाव गाळून. अण्णांनी आपल्या वहीत असे एकही नाव ठेवले नाही. मूळ कागदात काय लिहिले आहे ते समासात बारीक अक्षरात दिले आणि मुख्य ओळीत माणसाचे नाव नीट लिहिले. मी एकदा त्यांना म्हटले, अण्णा, नक्कल मुळाबरहुकूम पाहिजे. ते म्हणाले, “नक्कल समासात हाय की. वरच्या ओळीत माणूस हाय.”

वारसनोंदीचे काम करणाऱ्याने अण्णांची पद्धत शिकण्यासारखी आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. प्रत्येक नावापुढे समासात एक खूण आहे. ‘फे’ म्हणजे फेरफार, ‘ज’ म्हणजे जन्ममृत्यू रजिस्टर, ‘हे’ म्हणजे हेळव्याची वही, ‘ती’ म्हणजे तीर्थोपाध्यायाची वही, ‘शि’ म्हणजे शिळेवरची अक्षरे, ‘तों’ म्हणजे तोंडी माहिती. तोंडी माहिती ज्याने दिली त्याचे नाव, वय आणि तारीखही आहे. माहिती लिहून झाल्यावर अण्णा ती त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवीत आणि सही किंवा अंगठा घेत, कचेरीत जबाब घेतात तसा. दोन कागद जुळले तर सरळ रेघ, नुसते तोंडी असेल तर तुटक रेघ. आणि काहीच सापडले नाही तर रिकामे वर्तुळ. अशी रिकामी वर्तुळे त्या एकतीस वह्यांत जागोजाग आहेत.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे वह्या असतात. यात्रेला गेलेला माणूस आपले, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव तिथे लिहून येतो. अण्णा एसटीने पदरच्या पैशाने तिथे गेले आणि आपल्या गावची पाने उतरवून आले. त्यासाठी मोडी यावी लागते. १९५० नंतर शाळांतून मोडी गेली, त्यामुळे अण्णांच्या पिढीला ती येत नव्हती. गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे दोन पावसाळे बसून ते मोडी शिकले.

मोडी आली तरी काम भागत नाही, कारण जुन्या कागदावर साल आपल्यासारखे नसते. कुठे शक असतो, त्यात ७८ मिळवायचे, आणि पौषापासून पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९. कुठे सुहूर सन असतो आणि तो अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिले असेल तर ते एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हे वर्ष मृगाला बदलते, म्हणून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. उत्तर येते १७६०-६१, म्हणजे पानिपतचे साल. शिवाय आपल्याकडे नातवाला आजाचे नाव ठेवायची रीत. त्यामुळे एकाच भावकीत ‘अमुक बिन तमुक’ ही जोडी दोन पिढ्यांनी पुन्हा येते. सालाचा हिशेब चुकला तर नातू आजाच्या जागी जाऊन बसतो आणि पुढची सगळी वंशावळ खोटी होते. अण्णांनी एकेका सालाचा ताळा घातला आहे.

आता लेकीबाळींच्या विषयाकडे येतो. आज त्या मोठ्या संख्येने समोर बसल्या आहेत, म्हणून मुद्दाम बोलतो. हेळवी मुलींची नावे म्हणत नसे. वतनाच्या वंशावळीत मुलगी नसे. कारण वतन मुलग्याकडे जायचे आणि वंशावळ लिहायची ती वतनासाठी. कागदात बाई दिसली तर ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ अशा शब्दाला टेकून, म्हणजे अमक्याची बायको म्हणून, आणि तीही विधवा झाल्यावर. अण्णांनी १९८० च्या सुमारास सगळ्या वह्या पुन्हा लिहायला घेतल्या त्या एवढ्यासाठी, की प्रत्येक घरातली लेक कुठे दिली आणि प्रत्येक सून कुठून आली हे त्यात यावे. लग्नात नाव बदलायची चाल असल्यामुळे एका बाईची दोन नावे. अण्णांनी दोन्ही लिहिली. त्या वेळी पुष्कळ लोक हसले. पोरीबाळींची नावे लिहून कुणाला वतन मिळणार आहे, असे पारावर म्हणत.

पुढे काळ बदलला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या इस्टेटीत वारस केलेच होते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या दुरुस्तीचा अर्थ आणखी स्पष्ट केला. पण कायदा झाला म्हणून अर्जात नाव येतेच असे नाही. आमच्या टेबलावर वारसनोंदीचे अर्ज येतात. त्यात प्रतिज्ञापत्रावर भावांची नावे असतात आणि बहिणींची नसतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

काही वर्षांपूर्वी लांबच्या गावी दिलेली आपल्या गावची एक लेक, साठीची बाई, अण्णांकडे आली. बापाच्या वारसनोंदीत तिचे नाव नव्हते. तिच्याजवळ जन्माचा दाखला नाही, शाळेचा दाखला नाही. अण्णांच्या वहीत तिचे दोन्ही नावांनी लिहिलेले नाव होते आणि समासात ‘ज’ ही खूण, सालासह. अण्णांची वही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही, हे मी सरकारी माणूस म्हणून स्पष्ट सांगतो. पण कुठल्या वर्षाच्या रजिस्टराची नक्कल मागायची हे त्या वहीने तिला सांगितले. तिने नक्कल मागितली, ती मिळाली आणि तिचे नाव लागले. पुढे तिने जमीन घेतली की भावांना सोडून दिली, तो तिचा प्रश्न. सोडून देण्यासाठीसुद्धा आधी नाव लागावे लागते.

आता मंदिराच्या कामाची हकीगत.

जीर्णोद्धाराचे ठरले, वर्गणी जमू लागली, नकाशा झाला. जुना सभामंडप उतरवण्याआधी मानकऱ्यांची पाटी कशी लावायची यावर वरच्या आळीत आणि खालच्या आळीत वाद झाला. दोन्ही एकाच भावकीतल्या पाती. पालखीला पहिला खांदा थोरल्या पातीचा, हे दोघांनाही मान्य. थोरली पाती कोणती, हे मान्य नाही. वाद पारावरून चावडीत गेला, चावडीतून वकिलाकडे गेला. एका वर्षी यात्रेत पालखी निघाली ती पोलीस बंदोबस्तात. दोन घरांतले येणेजाणे बंद झाले, एका मयतीला खांदा द्यायलाही माणसे गेली नाहीत. वर्षभर वीट हलली नाही.

शेवटी पंचांनी अण्णांना वह्या घेऊन बोलावले. दोन्ही बाजूंची समजूत अशी, की अण्णा आपल्याच बाजूचा कागद काढणार. अण्णांनी वही उघडली आणि सांगितले, की दोन्ही पाती चार पिढ्यांवर एका बापाला मिळतात. ते दोघे सख्खे भाऊ. हेळव्याच्या वहीत त्यातला एक आधी लिहिला आहे आणि त्र्यंबकच्या वहीत दुसरा आधी. तिसरा कागद मिळाला नाही. “दोन कागदांची दोन तोंडं. मी तिसरं तोंड लावणार न्हाई. हितं रिकामं वर्तुळ हाय, ते रिकामंच ऱ्हाणार.”

मंडळी चिडली. एकाने तोंडावर विचारले, एवढी वर्षे कागद खाऊन तुम्हाला साधे उत्तर देता येत नाही? अण्णांनी त्याला उलट उत्तर दिले नाही. पान उलटले आणि पुढचे वाचले.

१९१८ साली पावसाळा सरताना इन्फ्लुएन्झाची साथ आली. आपले लोक तिला मानमोडी म्हणत. त्या वर्षीचे जन्ममृत्यूचे रजिस्टर अण्णांनी ओळीने उतरवले आहे. आपल्या गावच्या कित्येक शाखा त्या दोनतीन महिन्यांत संपलेल्या दिसतात. वरच्या आळीच्या घरातले दोन्ही कर्ते पुरुष आणि त्यांच्या बायका त्या साथीत गेल्या. मागे दोन लहान मुले राहिली. त्यानंतरच्या फेरफारात त्या मुलांची नावे लागली आहेत आणि पुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून एका बाईचे नाव आहे. ती बाई खालच्या आळीतली, मुलांची चुलती. तिचाही नवरा त्याच साथीत गेला होता आणि पदरात स्वतःचे एक मूल होते. तीन मुले तिने एका चुलीवर वाढवली. पुढच्या फेरफारात मुले सज्ञान झाल्याची नोंद आहे आणि वरच्या आळीची जमीन गुंठाही कमी न होता त्यांच्या नावावर आली आहे. जमिनीवर एकही बोजा नाही.

अण्णांनी त्या बाईचे नाव वाचले, माहेरचे गाव वाचले. चावडीत बसलेल्या दोन्ही आळ्यांतल्या एकाही माणसाला ते नाव माहीत नव्हते. वरच्या आळीची आजची सगळी घरे त्या दोन मुलांपासून झालेली आहेत.

त्या दिवशी चावडीत पुढे कोणी भाषण केले नाही. खालच्या आळीतले एक म्हातारबा उठले आणि म्हणाले, एक साल तुमी धरा, एक साल आमी धरू. वरच्या आळीने मान हलवली. वकिलाकडचे कागद मागे घेतले गेले. पाटीवर थोरली-धाकटी असा शब्द नाही, दोन्ही पातींची नावे एका ओळीत आहेत, हे आपण आज मंडपात पाहिलेच आहे. आणि त्याच पाटीवर खाली त्या चुलतीचे नाव दोन्ही आळ्यांनी मिळून लावले आहे.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे. अण्णांनी त्या दिवशी कुठल्याही एका भावाला थोरला ठरवले असते तरी कोणी त्यांना खोटे पाडू शकले नसते. त्यांच्या शब्दाला तेवढे वजन होते. ते वजन त्यांनी वापरले नाही. ज्या माणसाने माहीत नाही तिथे माहीत नाही असे सांगितले, त्याने पुढचे पान वाचले तेव्हा त्यावर कोणाला शंका घ्यावीशी वाटली नाही.

याची दुसरी परीक्षा २०२३ साली झाली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुनी दप्तरे उघडली. मोडी वाचणारा माणूस शोधूनही सापडेना. त्या विषयाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याचे हे ठिकाण नाही आणि मी सरकारी नोकर आहे. मी फक्त पाहिले ते सांगतो. ‘वंशावळ’ हा शब्द एकदम प्रत्येकाच्या तोंडी आला. अण्णांच्या ओट्यावर सकाळपासून माणसे बसू लागली, शेजारच्या गावांतलीही. ज्यांचा दुवा सापडला त्यांना अण्णांनी कुठल्या रजिस्टराचे कुठले पान ते लिहून दिले, एक पैसा घेतला नाही. ज्यांचा सापडला नाही त्यांना तसे सांगितले. एक गृहस्थ नोटांचे पाकीट घेऊन आले होते. मधली एकच पिढी जुळत नव्हती, एका वर्तुळात एक नाव भरले की काम होणार होते. अण्णा त्यांना म्हणाले, “मी जोडत न्हाई. सापडलं तर लिवतो.” गृहस्थ रागाने निघून गेले. अण्णांच्या घराचे पत्रे त्या पावसाळ्यात गळत होते, हे मला ठाऊक आहे.

मंडळी, सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि हार. तो आपण करूच. पण अण्णांचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले आहे, डोळ्यांना कमी दिसते आणि एकतीस वह्यांची जगात एकच प्रत आहे. ती वाचनालयाच्या लाकडी कपाटात आहे आणि त्या कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागली आहे. आपण दगडाचे मंदिर पुढच्या दोनशे वर्षांसाठी बांधले. वह्यांना एक पावसाळा पुरेल. म्हणून समितीपुढे आणि ग्रामस्थांपुढे मी काही गोष्टी ठेवतो. अण्णांना विचारून ठेवतो.

पहिली गोष्ट, शिल्लक निधीतून एक लोखंडी कपाट घ्यावे आणि सर्व वह्यांच्या दोन संच छायाप्रती काढाव्यात. एक संच वाचनालयात, एक मंदिराच्या कचेरीत. हल्ली हे काम महाग राहिलेले नाही.

दुसरी, दर वर्षी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मंडपात वही उघडावी. वर्षभरात कोणाकडे कोण जन्मले, कोण गेले, कोणती सून कुठल्या गावाहून आली, कोणती लेक कुठे दिली, हे घरटी एका माणसाने येऊन सांगावे. २०२० आणि २०२१ च्या साथीत गेलेल्या माणसांची नावे अण्णांनी त्याच वेळी टिपून ठेवली आहेत. १९१८ ची नावे गोळा करायला त्यांना किती कष्ट पडले, हे त्यांना माहीत होते म्हणून.

तिसरी, गावातल्या एका मुलाने आणि एका मुलीने मोडी शिकावी. पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग वेळोवेळी घेते. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च गावाने करावा. अण्णा अजून आहेत तोवर या दोघांनी त्यांच्या बाकावर बसून वह्यांतल्या खुणा समजून घ्याव्यात.

आणि चौथी, जी अण्णांनी स्वतः सांगितली. वह्यांतली काही पाने त्यांनी घडी घालून शिवून टाकली आहेत. त्यात दत्तक, दुसरे लग्न, टाकलेली बाई, अशा जिवंत माणसांना टोचणाऱ्या गोष्टी आहेत. ती पाने त्या त्या घरच्या माणसाखेरीज कोणी उघडू नयेत आणि त्यांच्या छायाप्रती काढू नयेत. तसेच कोणाच्याही सांगण्यावरून, मग तो सरपंच असो, पुढारी असो की मंदिराला लाखभर देणगी देणारा असो, वहीतले रिकामे वर्तुळ कागद सापडल्याशिवाय भरू नये. हा ठराव समितीने आज रात्रीच्या बैठकीत लिहून घ्यावा आणि त्यावर दोन्ही आळ्यांच्या, सर्व वाड्या-वस्त्यांच्या सह्या घ्याव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे.

आता अध्यक्षमहाराजांनी शाल, श्रीफळ देऊन अण्णांचा सत्कार करावा. वहिनींनाही व्यासपीठावर बोलवावे. त्या तीन रात्री हेळव्याला भाकरी त्यांनी घातली आणि पुढची पन्नास वर्षे दिव्यातले तेल आणि अण्णांचा चहा त्यांनीच पुरवला.

श्रीभैरवनाथ अण्णांना आणि वहिनींना उदंड आयुष्य आणि आरोग्य देवो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवतो.

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!